कपाशी-सोयाबीन घेणाऱ्या अल्पभूधारक कुटुंबाने घरच्या वर्षभराच्या धान्याची तजवीज कशी करावी

विदर्भ आणि मराठवाड्याच्या कोरडवाहू पट्ट्यात दोन ते पाच एकरांच्या वावरात आज बहुतेक ठिकाणी दोनच पिके दिसतात, कपाशी आणि सोयाबीन. दोन्हींचा एकही दाणा थेट ताटात येत नाही. दिवाळीच्या आसपास पैसा हाती येतो, कृषी केंद्राची उधारी, बँकेचा हप्ता आणि लग्नकार्य यांत तो वाटला जातो, आणि आषाढ-श्रावणात, म्हणजे शेतात कामाचा जोर सर्वांत जास्त असतो त्याच दिवसांत, घरात ज्वारी-डाळ पुडक्याने आणावी लागते. शेतकऱ्याच्या घरी धान्य विकत आणण्याची ही पाळी गरिबीपेक्षा नियोजनाच्या क्रमामुळे अधिक येते, असे माझे स्पष्ट मत आहे. नगदी पिकाचे क्षेत्र आधी ठरते आणि घरच्या खाण्याचा विचार उरलेल्या जागेवर सोडला जातो. या लेखात तो क्रम उलटा करून, घरच्या गरजेपासून पेऱ्याचा हिशेब कसा मांडायचा, ते पायरीपायरीने सांगितले आहे. कपाशी सोडा, असे येथे कुठेही सुचवलेले नाही. रोख पैशाशिवाय शाळा, दवाखाना आणि पुढचा हंगाम चालत नाही, हे उघड आहे.

हा प्रश्न नवा नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात कापसाचे भाव चढले, पुढे वऱ्हाडात रेल्वे आली आणि कापूस परदेशी जाऊ लागला. त्याच वऱ्हाडाला १८९९-१९००च्या दुष्काळाने जबर तडाखा दिला. पैसा देणारे पीक असलेला मुलूख उपाशी राहणार नाही, हे गृहीतक तेव्हाही खरे ठरले नव्हते. पुढे सोयाबीन पसरले, २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली, आणि उरलीसुरली ज्वारीही अनेक गावांतून मागे पडली. ज्वारीबरोबर कडबा गेला, कडब्याबरोबर जनावरे कमी झाली आणि जनावरांबरोबर घरचे दूध आणि शेणखतही आटले.

पहिली पायरी: घराची गरज किलोत मांडा

हे काम मे महिन्यात, बियाणे घेण्याच्या आधी करावे. घरातील स्वयंपाक पाहणाऱ्या बाईला बरोबर घेतल्याशिवाय हा हिशेब मांडू नये, कारण महिन्याला किती दळण जाते आणि डाळीचा डबा किती दिवस पुरतो, हे तिलाच नेमके ठाऊक असते.

उदाहरण म्हणून पाच माणसांचे घर घेऊ: नवरा-बायको, म्हातारी आई आणि दोन शाळकरी मुले. राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरींच्या आहारासाठी रोज २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, ३०० मिलिलिटर दूध आणि २७ ग्रॅम तेल असे प्रमाण सुचवले आहे. दिवसभर डवरणी, निंदण आणि वेचणी करणाऱ्या माणसाला याहून जास्त अन्न लागते. शिवाय आपल्याकडे भाकरीच पोटाचा आधार असल्याने धान्य सरासरी माणशी ३५० ग्रॅम धरणे व्यवहाराला धरून आहे. या मापाने पाच माणसांना वर्षाला सुमारे ६४० किलो धान्य लागते. डाळीचे सुचवलेले प्रमाण मात्र कमी करू नये. बहुतेक घरांत टंचाई भाकरीपेक्षा वरणात आधी दिसते, कारण पैसे संपत आले की पहिला हात डाळीवर पडतो आणि वरण पातळ होत जाते. ८५ ग्रॅमच्या हिशेबाने वर्षाची डाळ सुमारे १५५ किलो होते.

डाळ म्हणजे तुरीचे वजन नव्हे, हे येथे ध्यानात ठेवावे. एक क्विंटल तुरीपासून साधारण ७० ते ७५ किलो डाळ निघते. त्यामुळे ८० किलो तूरडाळ हवी असेल तर ११० किलो तूर घरात राहिली पाहिजे. तिच्याशिवाय ३० किलो मूग आणि ५० किलो हरभरा ठेवला, तर हरभऱ्याची डाळ करताना होणारी घट धरूनही १५५ किलोंचा हिशेब जवळपास जुळतो. पाहुणे, सणवार आणि ऐन हंगामात शेतावर जेवणारे मजूर यांच्यासाठी या सगळ्यावर दहा टक्के वाढवून धरावे.

दुसरी पायरी: रेशनमधून काय येते ते वजा करा

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ प्रमाणे प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला दरमहा ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. पाच नावे शिधापत्रिकेवर असतील तर वर्षाला ३०० किलो झाले, म्हणजे वाढीव दहा टक्के सोडून घरच्या शेतातून सुमारे ३४० किलो धान्य यायला हवे. हे गणित प्रत्येकाचे नाव शिधापत्रिकेवर चढलेले असेल तरच लागू पडते. नव्या सुनेचे आणि धाकट्या लेकराचे नाव राहून जाणे ही फार सर्रास होणारी गोष्ट आहे, आणि दोन नावे राहिली तर वर्षाचे १२० किलो धान्य जाते. जवळपास सव्वा क्विंटलाच्या या घटीची भरपाई कोरडवाहू शेतातून करायला दहा-बारा गुंठे ज्वारी जास्तीची पेरावी लागते. म्हणून पेरणीपूर्वी नावे तपासून घ्यावीत आणि ई-केवायसी पूर्ण करून ठेवावी. ऊसतोडीला किंवा अन्य कामाला परगावी जाणाऱ्या कुटुंबांना त्याच शिधापत्रिकेवर दुसऱ्या ठिकाणीही धान्य उचलता येते.

मराठवाड्यातील आठ, अमरावती विभागातील पाच आणि वर्धा अशा चौदा जिल्ह्यांतील केशरी शिधापत्रिकाधारक शेतकऱ्यांना जानेवारी २०२३ पासून धान्याऐवजी बँक खात्यात रक्कम दिली जाऊ लागली. सुरुवातीला ती माणशी दरमहा १५० रुपये होती. अशा कुटुंबांनी ही रक्कम फेब्रुवारी-मार्चमध्ये, ज्वारीचे खळे निघून भाव उतरलेले असताना, धान्याच्या एकरकमी खरेदीसाठी वापरावी. महिन्याच्या महिन्याला खात्यातून काढलेला पैसा धान्याच्या रूपात घरात पोचेलच, याची खात्री नसते.

तिसरी पायरी: जमिनीची वाटणी

आता चार एकरांच्या, म्हणजे १६० गुंठ्यांच्या कोरडवाहू शेताची मांडणी पाहू. ८० गुंठ्यांत कपाशी आणि तिच्यात तुरीची तासे (ओळी), ४० गुंठ्यांत सोयाबीन, ३५ गुंठ्यांत खरिपात मूग आणि त्याच जागी रब्बीत ज्वारी, आणि घराजवळचे किंवा विहिरीजवळचे ५ गुंठे भाजीपाला, मिरची व लसूण यांसाठी. सोयाबीन निघाल्यावर जमिनीत ओल असेल तर त्यातील दहा गुंठ्यांत हरभरा टाकता येतो. म्हणजे चारपैकी तीन एकर नगदी पिकाखालीच राहतात.

या ३५ गुंठ्यांबद्दल घरात सर्वांत जास्त वाद होतो, म्हणून त्याचा हिशेब येथे उघड मांडतो. तुलनेसाठी २०२५-२६ हंगामाचे हमीभाव घेतले आहेत: लांब धाग्याचा कापूस ८११० रुपये, मूग ८७६८ रुपये आणि मालदांडी ज्वारी ३७४९ रुपये क्विंटल. एकरी ५ क्विंटल कापूस धरला तर ३५ गुंठ्यांत सुमारे ४.४ क्विंटल निघतो आणि त्याचे साडेपस्तीस हजार रुपये होतात. त्याच जागेत एकरी २ क्विंटलाने पावणेदोन क्विंटल मूग आणि एकरी ४ क्विंटलाने साडेतीन क्विंटल ज्वारी धरली, तर दोन्हींची किंमत सुमारे साडेअठ्ठावीस हजार होते. फरक सात हजारांचा दिसतो. आता कापसाच्या रकमेतून वेचणी वजा करा. किलोला १० रुपये धरले तरी सुमारे ४४०० रुपये केवळ वेचणीचे गेले, आणि खत, फवारणी व बियाण्याचा खर्च त्याहून वेगळा. ज्वारीच्या बाजूला आठ-दहा क्विंटल कडबा मिळवा. बाजारात प्रत्यक्ष मिळणारा भाव हमीभावाहून कमी असू शकतो, तसेच दुकानातून आणायची ज्वारी हमीभावाने मिळत नाही, हेही त्यात धरा. हे आकडे प्रत्येक शिवारात वेगळे येतील, म्हणून आपल्या वहीतील आकडे घालून हाच हिशेब पुन्हा करावा. तो करताना ढोबळ उत्पन्न नव्हे, खर्च वजा जाता हाती उरणारी रक्कम तपासावी.

जमिनीची प्रत पाहिल्याशिवाय ही वाटणी आंधळेपणाने करू नये. मूग आणि नंतर रब्बी ज्वारी ही जोडी ओल धरून ठेवणाऱ्या मध्यम ते भारी काळ्या जमिनीतच साधते. मुरमाड, बरड जमीन असेल तर खरीप ज्वारी किंवा बाजरीचा विचार करावा. घरच्या धान्याला वावरातला सर्वांत हलका कोपरा द्यायचा आणि पीक आले नाही की ज्वारीला दोष द्यायचा, ही सवय मात्र सोडायला हवी.

चौथी पायरी: कपाशीतली तूर

तुरीसाठी वेगळे वावर राखण्याची गरज नाही. कपाशीच्या सहा किंवा आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ, ही पद्धत आपल्याकडे जुनीच आहे. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने कपाशी, ज्वारी, तूर, ज्वारी अशी ६:१:२:१ ओळींची पट्टापद्धतही शिफारशीत दिलेली आहे. तुरीच्या दोन ओळींना दोन्ही बाजूंनी ज्वारीची एकेक ओळ मिळत असल्याने भाकरी आणि वरण या दोन्हींची सोय त्याच वावरात होते. ज्यांना ३५ गुंठे वेगळे काढणे जमत नाही, त्यांनी निदान ही पद्धत स्वीकारावी. तुरीचा कमी दिवसांत येणारा बीडीएन ७११ हा वाण बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा आहे. मध्यम जमिनीत पाऊस लवकर थांबला तर असा वाण उशिरा येणाऱ्या वाणापेक्षा भरवशाचा ठरतो.

या पद्धतीत दोन धोके आहेत आणि दोन्ही फवारणीशी निगडित आहेत. पहिला तणनाशकाचा. गवतवर्गीय तणे मारण्यासाठी कपाशीत जे औषध मारतात त्याला ज्वारीही गवतच असते, त्यामुळे ते ज्वारीच्या तासांवर पडले तर ती ओळ जळून जाते. अशा वावरात निंदण-डवरणीवर भर ठेवावा, किंवा औषध मारताना पंपाला हूड लावून ज्वारीची तासे सांभाळावीत.

दुसरा धोका माणसाच्या जिवाचा आहे. कपाशीच्या ओळींत चवळी, अंबाडी, भेंडी, काकडी लावण्याची प्रथा होती, आणि कपाशीवर फारशी फवारणी नव्हती तोवर तिच्यात काही वावगे नव्हते. आता एका हंगामात अनेक फवारण्या होतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले. ज्या वावरात इतके जहाल विष फवारले जाते तिथली कोवळी पालेभाजी खुडून दुपारी कालवणाला घालू नये, लेकरांना तिथली काकडी तोडून खाऊ देऊ नये. भाजीची जागा कपाशीपासून लांब आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला असावी. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी त्यात धान्य किंवा पाणी ठेवू नये.

पाचवी पायरी: मूग आणि त्यामागून ज्वारी

घरच्या अन्नाच्या दृष्टीने या मार्गदर्शकातील सर्वांत महत्त्वाचा तुकडा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे जास्त थांबतो. मूग ६० ते ६५ दिवसांत येतो. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पुरेसा पाऊस झाल्यावर पेरला तर पोळ्याच्या सुमारास शेंगा वाळू लागतात. म्हणजे घरातली डाळ संपत आलेली असते आणि कापसाचा पैसा अजून दोन-अडीच महिने लांब असतो, नेमक्या त्या वेळी घरात मूग येतो. घरचे ३० किलो आणि पुढच्या वर्षीचे बियाणे बाजूला काढून उरलेला सव्वा क्विंटलाच्या वर मूग विकला, तर सणासुदीचा आणि तिसऱ्या फवारणीचा खर्च उधारीविना भागतो.

मुगाची खरी अडचण म्हणजे काढणीच्या वेळचा पाऊस. सगळ्या शेंगा एकदम वाळण्याची वाट पाहत बसलो आणि चार दिवस झड लागली, तर शेंगेतच दाण्याला मोड येतात. म्हणून साठ-सत्तर टक्के शेंगा काळ्या पडल्या की पहिली तोडणी करावी आणि आठवड्याभराने दुसरी. अल्पभूधारकाला हे जमते, कारण ३५ गुंठ्यांची तोडणी घरची माणसे दोन सकाळींत उरकू शकतात.

मूग निघाल्याबरोबर वखराच्या एक-दोन पाळ्या देऊन रान मोकळे करावे आणि पाऊस साठू द्यावा. रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबरच्या दरम्यान करावी. फार लवकर पेरल्यास खोडमाशी जास्त येते आणि उशीर झाल्यास दाणा भरताना ओल कमी पडते. एकरी ४ किलो बियाणे पुरते. पेरणीपूर्वी किलोला ४ ग्रॅम ३०० मेशचे गंधक चोळल्यास काणी रोग टळतो. हे काम दहा मिनिटांचे आणि अत्यंत कमी खर्चाचे असूनही टाळले जाते, आणि मग कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी भरते. भारी जमिनीसाठी परभणी मोती किंवा फुले वसुधा, मध्यम जमिनीसाठी मालदांडी किंवा फुले सुचित्रा आणि हलक्या जमिनीसाठी फुले अनुराधा हे वाण उपयोगी आहेत. घरात अंगावर पाजणारी आई किंवा रक्त कमी असलेली मुलगी असेल, तर लोह आणि जस्त जास्त असलेल्या परभणी शक्ती या खरीप ज्वारीच्या वाणाची चौकशी जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जरूर करावी.

दाणा पक्व झाला की नाही हे ओळखण्याची खूण सोपी आहे. कणसाच्या खालच्या भागातला दाणा काढून त्याचे बूड पाहावे, तिथे काळा ठिपका उमटला असेल तर दाणा भरून झाला, असे समजावे. कोवळी किंवा पाण्याच्या ताणात सुकलेली ज्वारी मात्र जनावरांना घालू नये, तिने किराळ लागते, म्हणजे विषबाधा होते, आणि जनावर तासाभरात दगावू शकते.

ज्वारी मागे पडण्याचे मोठे कारण पाखरे, रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हेही आहे. सगळ्या शिवारात कपाशी-सोयाबीन आणि मध्येच पाऊण एकर ज्वारी असली, तर गावभरची पाखरे त्या एकाच तुकड्यावर उतरतात. एकट्या घराने यावर कितीही राखण केली तरी पुरी पडत नाही. त्यावरचा खरा उपाय शेजार आहे. धुऱ्याला धुरा लागून असलेल्या चार-पाच घरांनी ज्वारीचे तुकडे एकमेकांना जोडून ठेवायचे, पेरणी एकाच आठवड्यात करायची आणि राखणीच्या पाळ्या लावायच्या, एवढे ठरले तर नुकसान वाटले जाते आणि कमीही होते. वन्यप्राण्यांनी पिकाचे नुकसान केल्यास वनविभागाकडे वेळेत अर्ज करून पंचनामा करून घ्यावा.

परसबाग

पाच गुंठे जमले नाहीत तरी घरामागे एक गुंठा जागा पुष्कळ काम देते. दोन शेवग्याची झाडे, एक पपई, लिंबू, कढीपत्ता, कुंपणावर दोडका, कारले आणि वाल, वाफ्यांत मेथी, पालक, भेंडी, वांगी असे लावावे. न्हाणीचे पाणी वळवून उन्हाळ्यातही शेवगा आणि वेल तगतात, फक्त कपडे धुतल्याचे साबणाचे पाणी वाफ्यांत सोडू नये. पाच-सहा गावरान कोंबड्या घरच्या अंड्यांना पुरेशा होतात. तेलबियांसाठी वेगळी जागा काढण्याच्या भरीस या क्षेत्रात पडू नये, तेल विकत आणणेच परवडते.

सोयाबीनचा घरात उपयोग करायचा असेल तर तो कच्चा दळू नये, कारण कच्च्या दाण्यातील घटकांमुळे त्यातील प्रथिने पचत नाहीत. निवडलेले सोयाबीन उकळत्या पाण्यात २० ते २५ मिनिटे उकळून, कडक उन्हात वाळवून, दहा किलो दळणात एक किलो या प्रमाणात मिसळावे. सोयाबीनमध्ये सुमारे ४० टक्के प्रथिने असतात.

सहावी पायरी: साठवण

पिकलेले धान्य घरात टिकले नाही तर वरचा सगळा खटाटोप वाया जातो. साठवणीच्या भीतीनेच पुष्कळ घरे जानेवारीत तूर विकून टाकतात आणि उन्हाळ्यात डाळ विकत आणतात. २०२४च्या उन्हाळ्यात किरकोळ बाजारात तूरडाळ किलोला दीडशे रुपयांच्या वर होती, हे ज्यांनी त्या वर्षी आपली तूर काढून टाकली त्यांना चांगलेच आठवत असेल.

पहिली गोष्ट वाळवण. ज्वारी १२ टक्के ओलाव्याच्या खाली आणि कडधान्ये ९-१० टक्क्यांपर्यंत वाळली पाहिजेत. घरी यंत्र नसते, पण दात असतात. दाणा दाताखाली धरल्यावर कट्‌ असा आवाज होऊन फुटला तर तो वाळला, दाबला जाऊन चपटा झाला तर अजून दोन उन्हे लागतील. वाळलेले धान्य गरम असताना कोठीत भरू नये, रात्रभर पसरून थंड होऊ द्यावे, नाहीतर आतल्या वाफेने ते घामेजते आणि बुरशी धरते.

कडधान्याचा भुंगेरा पुष्कळदा वावरातूनच घरी येतो. शेंगेवर किंवा दाण्यावर चिकटलेले बारीक पांढरे ठिपके ही त्याची अंडी असतात. म्हणून तूर आणि मूग खळ्यावरून थेट कोठीत न टाकता कडक उन्हात चांगले तापवून घ्यावेत. खाण्याच्या कडधान्याला किलोला ५ मिलिलिटर खाद्यतेल हाताने चोळले की अंडी दाण्याला नीट चिकटत नाहीत. याहून चांगला मार्ग म्हणजे तुरीची लवकर डाळ करून ठेवणे, कारण हा भुंगेरा अख्ख्या दाण्यावर जगतो आणि डाळीला त्याचा उपद्रव फारसा होत नाही. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने विकसित केलेली पीकेव्ही मिनी दाल मिल अनेक गावांत बचत गटांकडे आहे, तिथे भरडून घेतल्यास चुनी जनावरांना परत मिळते.

ज्वारीसाठी पत्र्याची कोठी उत्तम. कोठी भिंतीपासून हातभर दूर आणि विटांवर ठेवावी, तळाशी व वर वाळलेला कडुनिंबाचा पाला घालावा. हवाबंद जाड प्लास्टिकच्या पिशव्याही आता मिळतात. त्या पूर्ण भरून, हवा काढून, तोंड पिळून घट्ट बांधल्या तर आतील कीड श्वास कोंडून मरते, मात्र उंदरांपासून त्या जपाव्या लागतात. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या माणसे झोपतात त्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांचा वायू माणसाचा जीव घेतो आणि एका खोलीच्या घरात त्या वापरण्याची सुरक्षित पद्धतच नाही.

चांगल्या वर्षी एकरी पाच-सहा क्विंटल ज्वारी झाली, तर वरचे धान्य लगेच विकू नये. तीन महिन्यांचा साठा, म्हणजे वरच्या कुटुंबासाठी ८०-९० किलो ज्वारी आणि सुमारे ४० किलो डाळ, पुढच्या वर्षीच्या दुष्काळासाठी मागे ठेवावी. नवे पीक आले की जुना साठा खाण्यात आणावा आणि त्या जागी नवे धान्य भरावे.

सातवी पायरी: विक्री आणि उधारी

खळ्यावर माप होताना घरचा वाटा आधी वेगळ्या पोत्यांत भरून शिवून टाकावा आणि मग उरलेल्याची विक्री करावी. व्यापाऱ्याची गाडी दारात उभी असताना किती ठेवायचे याचा विचार करायला सवड नसते.

नगदी माल एकदम विकण्याची सक्ती बहुधा उधारीतून येते, म्हणून ती कापण्याचे दोन मार्ग सांगतो. तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडल्यास डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे व्याज शून्यावर येते. त्यामुळे कापसाच्या पहिल्या पैशातून हे कर्ज फेडणे आणि पुढच्या हंगामात पुन्हा उचलणे, हे कृषी केंद्राच्या उधारीपेक्षा केव्हाही स्वस्त पडते. दुसरा मार्ग शेतमाल तारण कर्ज योजनेचा. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन किंवा तूर ठेवल्यास किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम ६ टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. आपल्या बाजार समितीत ही योजना चालू आहे का, याची चौकशी काढणीपूर्वीच करून ठेवावी. २०२४ मध्ये सोयाबीनचा हमीभाव ४८९२ रुपये असताना बाजारात त्याहून बरेच कमी दर मिळत होते. तारण ठेवल्याने भाव चढेलच असे नाही, परंतु हमीभावाच्या खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबण्याची ताकद घराला मिळते. आणि हमीभावाने विकायचे असेल तर ई-पीक पाहणीत त्या पिकाची नोंद वेळेत झालेली असली पाहिजे.

आठवी पायरी: हा तुकडा कोणाच्या हाती

धाराशिव आणि लातूर भागात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने बायकांना घरच्या जमिनीतील अर्धा ते एक एकर तुकडा स्वतःच्या निर्णयाने कसायला मिळावा, यासाठी काम केले. तिथे कडधान्य, ज्वारी-बाजरी आणि भाजीपाला असे घरी खाण्याचे पीक आधी, आणि उरेल ते विक्रीला, असा क्रम बायकांनी लावला. या कामाला २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. या अनुभवातून घेण्यासारखी गोष्ट अशी की ३५ गुंठ्यांत काय पेरायचे, किती ठेवायचे आणि मुगाचे पैसे कशावर खर्च करायचे, हे ठरवण्याचा हक्क घरातील बाईकडे दिला तर तो तुकडा पुढच्या वर्षी भाव चढला म्हणून पुन्हा कपाशीखाली जात नाही. शक्य असल्यास सातबारावर तिचे नावही चढवावे. सरकारी योजनांचे अनेक दरवाजे त्याशिवाय उघडत नाहीत.

एक साधी वही करावी. तिच्यात पेरलेले क्षेत्र, खर्च, निघालेले धान्य, घरी ठेवलेले, विकलेले आणि प्रत्येक महिन्याला विकत आणावे लागलेले धान्य लिहावे. पुढल्या मे महिन्यात कोठी उघडून उरलेले मोजावे. ज्वारी आषाढापूर्वी संपलेली असेल तर मूग-ज्वारीचा तुकडा पाच-सात गुंठ्यांनी वाढवावा. तूर उन्हाळ्यातच संपली असेल तर कपाशीत तुरीच्या ओळी वाढवाव्यात. आणि दोन्ही पुरून उरत असतील तर तेवढे गुंठे कपाशीला परत द्यायला काहीच हरकत नाही.